आमच्या हद्दीत येत नाही

ठाणे, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर, मीरा-भाईंदर आणि नवी मुंबई या महापालिकांचे महापौर व नगरसेवक, तसंच अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूरचे नगराध्यक्ष व नगरसेवक यांस,



पत्ता लिहितानाच निम्मी तक्रार लिहून झाली. एका जिल्ह्यात सहा महापालिका, हे महाराष्ट्रात दुसरीकडे कुठेही नाही. मी कल्याण पूर्वेला राहते. मुलगा ऐरोलीला कामाला जातो, सून ठाण्याला, नात उल्हासनगरच्या कॉलेजात. मत मात्र मला एकाच ठिकाणी देता येतं, आणि ज्याला देते त्याच्याकडे घरातल्या बाकीच्यांचं गाऱ्हाणं नेलं की तो म्हणतो, "बाई, ते आपल्या हद्दीत येत नाही." बाई म्हणतो, कारण मी शाळेत भूगोल शिकवायचे आणि तुमच्यातले काही जण माझ्या वर्गात बसलेले आहेत. या पत्राचा त्यांना जास्त राग येईल. येऊ दे.

तुम्ही नवे आहात, हे मी धरून चालले आहे. डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांचं आणि जानेवारी २०२६ मध्ये महापालिकांचं मतदान झालं, तेव्हा कुठे तुम्ही सभागृहात बसलात. त्याआधी कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून आम्ही निवडून दिलेला एकही माणूस खुर्चीवर नव्हता, प्रशासक होते. आम्ही रांगा लावून मतदान केलं ते या अपेक्षेने की आता बोलायला कोणीतरी मिळेल. मिळालंही. पण तुमची पहिली भाषणं मी लक्ष देऊन ऐकली. आपल्या शहराला राज्यात नंबर एक करू, शेजाऱ्यापेक्षा जास्त निधी आणू. शेजाऱ्याबरोबर बसून अमुक करू, असं म्हणणारं कोणी माझ्या तरी कानावर आलं नाही. वाईट वाटलं ते याचं.

वालधुनी नदीचंच घ्या. अंबरनाथजवळ काकोळ्याला रेल्वेने वाफेच्या इंजिनांसाठी बांधलेलं जुनं जीआयपी धरण आहे, नदी तिथून निघते. त्या धरणाचं पाणी शुद्ध करून, बाटलीत भरून 'रेल नीर' म्हणून गाड्यांमध्ये विकलं गेलं, म्हणजे उगमाशी ते माणसाच्या घशाखाली उतरण्याजोगं आहे. पुढे नदी अंबरनाथच्या शिवमंदिराला लागून जाते. शके ९८२ चं, म्हणजे इसवी सन १०६० मधलं शिलाहारांचं देऊळ. गाभाऱ्यात पायऱ्या उतरून दर्शन घ्यावं, त्या दगडातल्या कोरीवकामाने डोळे दिपावेत, आणि बाहेर येऊन नाकाला पदर लावावा, अशी तिथली आजची स्थिती. अंबरनाथच्या कारखान्यांचं आणि घरांचं पाणी तिच्यात येतं. मग उल्हासनगरचं येतं, त्यात जीन्स धुण्या-रंगवण्याच्या कारखान्यांनी वर्षानुवर्षं सोडलेला निळा रंगही आला. मग आमचं कल्याण. आम्हीही काही कमी नाही, आमचं सांडपाणीही तिच्यातच. आणि असं सगळ्यांचं ओझं घेऊन ती उल्हास नदीला मिळते.

२०१४ च्या नोव्हेंबरअखेरीस रात्रीच्या अंधारात कोणीतरी टँकरने रसायन आणून या पात्रात ओतलं. उल्हासनगरात शेकडो माणसं श्वास कोंडला म्हणून रुग्णालयात दाखल झाली. पुढच्या वर्षी, जुलै २०१५ मध्ये, 'वनशक्ती' या संस्थेच्या याचिकेवर राष्ट्रीय हरित लवादाने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल स्थानिक संस्था, कारखाने आणि सामायिक प्रक्रिया केंद्रं मिळून ९५ कोटी रुपयांचा दंड लावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. नदीकाठी फेरी मारून या, म्हणजे पुढे काय झालं ते मला लिहावं लागणार नाही.

मध्यंतरी एका पहाटे वास इतका उग्र होता की शेजारच्या आजोबांना धाप लागली. मी फोन लावले. कोणत्या कार्यालयांत लावले ते लिहीत नाही, कारण माणसं उद्धट नव्हती, उलट अगदी अदबीने बोलली. एकाने सांगितलं, पाणी वरून येतं. वरच्याने सांगितलं, आमच्याकडे आत्ता तरी वास नाही. आणखी एकाने विचारलं, "मॅडम, नमुना घेतलाय का? घेऊन या, मग बघू." पहाटे काळोखात म्हाताऱ्या बाईने नदीत उतरून बाटली भरायची! फोन ठेवल्यावर मला रडू आलं. वासाने नव्हे. या पट्ट्यात इतकी वर्षं राहून, सगळीकडचे कर या ना त्या रूपाने भरून, आपण कोणाच्याच यादीत नाही, असं पहिल्यांदा वाटलं.

एकत्र या म्हटलं की तुमच्याकडे एकच उत्तर तयार असतं: हद्द बदला. याचं काय होतं ते कल्याण-डोंबिवलीलगतच्या सत्तावीस गावांना विचारा. १९८३ मध्ये कल्याण महापालिका झाली तेव्हा ही गावं आत घेतली. कर आला, सोयी आल्या नाहीत, गावं पेटून उठली आणि २००२ मध्ये बाहेर काढली. २०१५ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, पुन्हा आत. २०२० मध्ये त्यातली अठरा काढून त्यांची वेगळी नगरपरिषद करायचं ठरलं, आणि त्याच वर्षअखेरीस उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. तिकडे शीळच्या पलीकडची चौदा गावं: नवी मुंबईत होती, भांडून बाहेर पडली, परत नवी मुंबईत गेली. त्यांच्यातल्याच भंडार्लीत काही काळ ठाण्याचा कचरा पडत होता. या गावांतल्या एखाद्या पोराला त्याच्या आजोबांचं, बापाचं आणि त्याचं स्वतःचं गाव कोणत्या कारभारात होतं ते विचारलं तर तीन वेगळी उत्तरं देईल. एवढ्या वेळा रेघ पुसली आणि ओढली, पण एकदाही रेघेच्या दोन्ही बाजूंची माणसं समोरासमोर बसून पाणी कसं वाटू, कचरा कुठे नेऊ, नाला कोण साफ करील, हे ठरवून उठली नाहीत. म्हणून सांगते, मला विलीनीकरण नको आहे. एक मोठी महापालिकाही नको. सहाच्या सहा असू द्यात, फक्त एकमेकांशी बोला.

आता जे लिहिणार आहे त्याने तुमच्या कपाळावर आठ्या पडतील. वर्गात आफ्रिकेचा नकाशा लावला की मुलं पहिला प्रश्न विचारायची, बाई, यांच्या सीमा पट्टीने आखल्यासारख्या सरळ का? बऱ्याचशा खरोखर पट्टीनेच आखलेल्या. १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेत आणि नंतरच्या काही वर्षांत युरोपातल्या सत्तांनी तो खंड वाटून घेतला, तिथल्या कोणालाही न विचारता. स्वातंत्र्यानंतर नव्या नेत्यांसमोर प्रश्न होता: या सीमा मोडायच्या की ठेवायच्या? १९६४ मध्ये कैरोला ते जमले आणि मिळाल्या तशाच सीमा पाळायच्या, असा ठराव केला. सीमा बदलत बसलो तर दुसरं काहीच होणार नाही, हे त्यांना उमगलं होतं. सगळ्यांनी तो पाळला असं नाही. पण ज्यांनी पाळला, त्यांच्यातल्या काहींनी पुढे काय केलं ते ऐका.

सेनेगल नदी गिनीच्या डोंगरात उगम पावते, मालीतून वाहते आणि मग सेनेगल व मॉरिटानिया यांची सीमा होऊन अटलांटिकला मिळते. माली, मॉरिटानिया आणि सेनेगल यांनी १९७२ मध्ये, दुष्काळाच्या दिवसांत, या नदीसाठी एक संघटना काढली. समुद्राचं खारं पाणी आत शिरू नये म्हणून मुखाजवळ दियामाचा बांध घातला आणि मालीत मनांतालीचं धरण बांधलं. धरण मालीच्या जमिनीवर, पण मालकी तिघांची. तिथली वीज मालीला ५२ टक्के, सेनेगलला ३३ आणि मॉरिटानियाला १५, असं कागदावर वाटून घेतलं. १९८९ मध्ये सेनेगल आणि मॉरिटानिया यांच्यात रक्तपात झाला, माणसं मारली गेली, हजारोंना देशोधडीला लावलं गेलं. नदीची संघटना तरीही मोडली नाही. पुढे गिनीही तिच्यात आली. गेल्या काही वर्षांत मालीत लष्कराने सत्ता बळकावली, २०२५ च्या जानेवारीत पश्चिम आफ्रिकी देशांच्या गटातून, इकोवासमधून, माली बाहेरही पडली, पण नदीचं टेबल तिने सोडलेलं नाही.

ही गोष्ट मी गोड करून सांगत नाही. दियामाच्या बांधानंतर खालच्या भागात गोगलगायींमधून पसरणारा रोग फोफावला, काठच्या शेतकऱ्यांनी पुराच्या पाण्यावरची जुनी शेती गमावली. त्या राज्यकर्त्यांना मी डोक्यावर घेऊन नाचावं असं काही नाही. पण ज्यांच्या सैन्यांनी एकमेकांवर बंदुका रोखल्या त्यांना एका नदीचा हिशेब एकत्र ठेवता येतो आणि तुम्हाला येत नाही, हे कसं? तुमच्यात काय वैर आहे? तुम्ही एकाच बदलापूर लोकलने वाढलात. एकमेकांच्या लग्नांत जेवता. गोविंदांच्या हंड्यांना एकाच व्यासपीठावर उभे राहता.

त्याच आफ्रिकेतला आणखी एक प्रकार तुम्हाला पचायला जड जाईल. २००३ मध्ये तिथल्या काही देशांनी ठरवलं की आपला कारभार शेजाऱ्यांकडून तपासून घ्यायचा. सक्ती नाही, ज्याची इच्छा असेल त्याने सही करायची. आधी देशाने स्वतःच स्वतःच्या चुका लिहायच्या, मग बाहेरची जाणती माणसं येऊन पाहणी करणार, आणि शेवटी तो अहवाल इतर राष्ट्रप्रमुखांसमोर ठेवून त्या देशाच्या प्रमुखाने उत्तरं द्यायची. सगळ्यांत आधी घाना तयार झाला. केनियाच्या अहवालात वांशिक तेढीची सूचना होती. कोणी मनावर घेतली नाही आणि २००७ च्या निवडणुकीनंतर तिथे आगडोंब उसळला. दक्षिण आफ्रिकेच्या अहवालात परक्यांविषयीच्या द्वेषाचा इशारा होता, तिथल्या सरकारने तो नाकारला, आणि मे २००८ मधल्या दंगलीत साठाहून जास्त माणसं मेली. म्हणजे ऐकलं नाहीच. पण सांगणारा होता, लिहिलेलं होतं, आणि नंतर लोकांना ते कागद दाखवून जाब विचारता आला. तुमच्यापैकी एकाही महापालिकेने शेजारच्या महापालिकेला कधी म्हटलं आहे का, की या, आमचं सांडपाणी केंद्र बघा, चालू आहे की नुसतं उद्घाटनाच्या पाटीपुरतं आहे ते तुम्हीच लिहून द्या?

अधिकार आमच्याकडे नाहीत, सगळं मंत्रालयात ठरतं, हे तुम्ही म्हणाल. नागरिकशास्त्रही मीच शिकवलं आहे, तेव्हा थोडं थांबा. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने कलम २४३ झेडई आलं. महानगर प्रदेशासाठी महानगर नियोजन समिती हवी, तिच्यातले निदान दोन तृतीयांश सदस्य नगरसेवकांनी आणि पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातूनच निवडून द्यावेत, आणि पाणी व इतर साधनांची वाटणी लक्षात घेऊन साऱ्या प्रदेशाचा विकास आराखडा त्या समितीने करावा, असं ते कलम सांगतं. शेजाऱ्यांनी एका टेबलाशी बसायचं, ही सोय राज्यघटनेनेच करून ठेवली आहे. मुंबई महानगर प्रदेशासाठी अशी समिती कागदावर झालीही. तिने आमच्या नळाबद्दल किंवा नाल्याबद्दल काय ठरवलं, हे तुमच्यापैकी किती जणांना सांगता येईल? मधली काही वर्षं तर नगरसेवकच नव्हते, मग समितीत जाणार कोण! तोवर आराखडे एमएमआरडीएने, म्हणजे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने केले, काम अधिकाऱ्यांचं. २०२४ मध्ये नीती आयोगाने या सगळ्या प्रदेशाची अर्थव्यवस्था १४० अब्ज डॉलरवरून २०३० पर्यंत ३०० अब्जांवर न्यायचा आराखडा मांडला. पैसा मोजायची वेळ आली की आम्ही एक प्रदेश असतो, हे त्यातून तरी कळलं.

आणि मंत्रालय परकं आहे का? नगरविकास खातं २०१९ पासून एका ठाणेकराकडेच आहे, मध्ये तर ते ठाणेकर मुख्यमंत्रीच होते. राज्यातल्या सर्वांत मोठ्या पक्षाचे प्रदेशाध्यक्ष डोंबिवलीचे. इतकी सत्ता या रुळांच्या आसपास याआधी कधी गोळा झाली होती, मला आठवत नाही. ठरवलं तर तुम्हाला बसता येतं, हेही आम्ही पाहिलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये कल्याण-डोंबिवलीत मित्रपक्षाने केलेल्या फोडाफोडीवरून शिवसेनेचे बहुतेक मंत्री मंत्रिमंडळाच्या बैठकीकडे फिरकले नाहीत. मग मोठी मंडळी चटकन बसली आणि एकमेकांचे कार्यकर्ते घ्यायचे नाहीत, असं ठरलं. कार्यकर्त्यांच्या वाटणीवर एका दिवसात बैठक होते. नदीच्या वाटणीवर मात्र भिजत घोंगडं.

तुम्हाला जमतच नाही असं म्हणणंही खोटं ठरेल, म्हणून 'स्टेम'चं नाव घेते. शहाडला उल्हासमधून पाणी उचलून टेमघरला शुद्ध करायचं आणि पुढे द्यायचं, हे काम करणाऱ्या कंपनीत ठाणे, भिवंडी आणि मीरा-भाईंदर या तीन महापालिका आणि ठाणे जिल्हा परिषद भागीदार आहेत. दुरुस्तीचा दिवस आला की सगळ्यांचं पाणी एकदम बंद, त्यामुळे तक्रारही सगळ्यांची. पक्ष बदलले, महापौर बदलले, भागीदारी चालू राहिली. पाणी घेताना तुम्ही भागीदार होता. मग घाण सोडताना एकटे का होता? (शहापूरच्या आयाबायांनी हे वाचलं तर त्या मला हसतील. भातसा, तानसा, मोडकसागर ही धरणं याच जिल्ह्याच्या डोंगरांत, पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात त्यांच्या पाड्यांवर टँकर. त्यांच्या गाऱ्हाण्यापुढे माझं काहीच नाही, हे मला ठाऊक आहे.)

कचऱ्याबद्दल फार लिहीत नाही. २०१५ मध्ये घनकचऱ्याची व्यवस्था नाही म्हणून उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांच्या परवानग्याच थांबवल्या होत्या, आणि आधारवाडीचा डोंगर २०२१ मध्ये बंद होईपर्यंत त्याचा धूर आम्ही गिळला. त्या काळात शेजारच्यांनी हायसं वाटून घेतलं असेल, आपल्याकडे बंदी नाही म्हणून.

परवानग्यांवरून मात्र एक बोलायलाच हवं. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ गर्दीच्या दोन लोकलच्या दारांत लटकणारी माणसं एकमेकांना घासून खाली पडली, काही गेली. तुम्ही सगळ्यांनी रेल्वेला धारेवर धरलंत, ते बरोबरच केलंत. पण घोडबंदरचे मनोरे, शीळ रस्त्यावरच्या वसाहती, टिटवाळा, बदलापूर, यांतल्या प्रत्येक इमारतीला परवानगी कोणी दिली? ज्याने त्याने आपापल्या हद्दीपुरती दिली. या सगळ्या परवानग्यांची बेरीज करून, यातली किती माणसं सकाळी त्याच एका मार्गावर उभी राहतील, याचा हिशेब कुठल्या महासभेत मांडला गेला? कल्याणच्या गाड्या ठाण्याला न जाता थेट नवी मुंबईकडे वळवणारा कळवा-ऐरोली उन्नत मार्ग २०१६ मध्ये मंजूर झाला. त्यातलं दिघा स्थानक जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं. मार्ग मात्र कळव्यातल्या झोपड्यांच्या पुनर्वसनापाशी अडकला. माझा मुलगा अजून ठाण्याला उतरून, तिथला पूल चढून, गाडी बदलून ऐरोली गाठतो. दाटीत उभा असतो तेव्हा तो कोणाच्या हद्दीत असतो, हे त्याला विचारायला मला लाज वाटते.

आता मागणं. ते लहान आहे, आणि मुद्दाम लहान ठेवलं आहे, म्हणजे निधी नाही म्हणता येणार नाही. वालधुनीवर दोन जागा ठरवा: अंबरनाथ संपून उल्हासनगर लागतं ती एक, आणि उल्हासनगर संपून कल्याण लागतं ती दुसरी. दोन्ही ठिकाणी दर महिन्याला पाण्याचा नमुना घ्यायचा. घेताना दोन्ही बाजूंचा माणूस हजर हवा, दोघांची सही हवी, आणि आकडे तिन्ही कार्यालयांच्या दारावर एकाच तारखेला लागायला हवेत. पाणी आत शिरताना कसं होतं आणि बाहेर पडताना कसं झालं, हे एवढ्यावरून शेंबड्या पोरालाही कळेल. दर तीन महिन्यांनी तिन्ही ठिकाणच्या लोकप्रतिनिधींनी ते आकडे समोर ठेवून उघड बैठक घ्यावी, आळीपाळीने, आणि यजमानाने आपल्या चुका आधी वाचून दाखवाव्यात. हे वर्षभर नीट चाललं, तर 'स्टेम'सारखीच सांडपाण्याची सामायिक कंपनी काढायचा विषय घ्या. महानगर नियोजन समितीच्या निवडणुकीची मागणी ठाणे आणि नवी मुंबईने पुढाकार घेऊन राज्याकडे करावी. त्यांच्या शब्दाला वजन आहे.

कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर आणि अंबरनाथ, तिन्ही सभागृहांच्या येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा नमुन्यांचा ठराव यावा. मसुदा मी लिहून ठेवला आहे, माझ्या वर्गात बसलेल्यांना घर माहीत आहे. सूचक आणि अनुमोदक वेगवेगळ्या पक्षांचे असले तर उत्तम. पावसाळ्याआधी पहिला नमुना घ्या, कारण पाऊस लागला की नदी आपोआप स्वच्छ दिसते आणि मग पुन्हा दिवाळीपर्यंत कोणाला काही आठवत नाही.

कळावे,

कल्याण पूर्वेची एक निवृत्त शिक्षिका